पेवातला दिवा

जळकोटचे केरबामामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ. माझ्या हातून नोकरीत जे काही बरं काम झालं, त्याचं पहिलं श्रेय मी त्यांना देतो. वडील गेल्यावर त्यांनी मला बेंबळीहून आपल्या घरी नेलं, अणदूरच्या शाळेत घातलं आणि पुढे परभणीला शेतकीच्या पदवीसाठी पाठवलं. आमच्या दोन्ही घरांत त्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना पेवात उतरता येत होतं, आणि त्या कामावर माझं शिक्षण झालं.

पेव म्हणजे काय, हे आताच्या वाचकांना सांगायला हवं. गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या मातीच्या, उंच जागेवर जमिनीत खोल खड्डा खणायचा. तोंड एका माणसापुरतं अरुंद, पोट मात्र रांजणासारखं रुंद. आतून सगळीकडे कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगडी झाकण ठेवून ते चिखलानं लिंपून टाकायचं. अशी ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. बहात्तरच्या दुष्काळात ज्या गावांत पेवं भरलेली होती, त्या गावांनी तग धरला. पुढे काही सहकारी सोसायट्यांनी शहाणपणा करून आपल्या सभासदांची ज्वारी पुन्हा अशा जुन्या पेवांत साठवायला सुरुवात केली.

पण पेव उघडणं सोपं नसतं. बंद पेवात दाण्यांमुळे हवा खराब होते. झाकण काढल्याबरोबर आत उतरलेला माणूस पुन्हा वर येत नाही, असं आमच्या भागात अनेक गावांनी पाहिलेलं होतं. म्हणून उतरायला ठरावीक माणसं असत. मामा त्यांतले. ते सकाळी झाकण काढून ठेवायचे, घोंगडी वर-खाली करून आतली हवा हलवायचे आणि मग दोराला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील विझला की त्या दिवशी काम बंद. जळत राहिला की मामा कमरेला दोर बांधून आत उतरायचे. वर पारूमामी बसायच्या. तोंडावर घरचंच माणूस बसवायचं, असा रिवाज. मामींनी थोड्या थोड्या वेळानं विचारायचं, "हाय का?" आणि मामांनी खालून म्हणायचं, "हाय." उत्तर आलं नाही तर दोर ओढायचा. ज्या घरांच्या ओसरीवर मामांना बसू देत नव्हते, त्या घरांची भाकरी मामांच्या हातून वर येत होती. त्याबद्दल मामा कधी बोलले नाहीत. बोलायच्या त्या मामी.

मला नोकरी लागली तालुक्याच्या सहकारी संघात. काम कीडनियंत्रणाचं. शेतात फवारणी कशी करायची ते शिकवणं आणि सोसायट्यांच्या गोदामांतल्या धान्याला विषारी वायूची धुरी देणं. त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवावा लागायचा. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी जे शिकवलं, तेच मी पुढे सगळ्यांना शिकवत आलो. डब्यावरचा तिकोन बघा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका. काम झाल्यावर अंग धुतल्याशिवाय तंबाखूला हात लावू नका. रिकामा डबा ठेचून पुरून टाका.

हे सांगणं सोपं होतं, ऐकवणं अवघड. बेंबळीचे एक पाटील दरवर्षी यायचे आणि म्हणायचे, "लाल तिकोनाचंच द्या. हिरवं काय, ते तर आमची म्हस बी पिऊन टाकंल." एका वस्तीवर एक गडी बादलीतलं औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळत होता. मी ओरडलो तर म्हणाला, "काठी कशाला शोधू सायेब? हात हाय की." एका घरी मला चहा दिला. मी सहज विचारलं, साखर कशात ठेवता? बाईंनी अभिमानानं डबा दाखवला. घट्ट झाकणाचा, छान पत्र्याचा, आणि त्यावर लाल तिकोन. चहा निम्मा पिऊन झाला होता. त्या दिवशी मी एसटीच्या थांब्यावर बसून स्वतःची नाडी मोजत होतो.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात. मीही हसतो. पण बत्तीस-तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी कायम भीत आलो. विष दिसत नाही आणि माणसं भीत नाहीत, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते मला एका दुष्काळी उन्हाळ्यात कळलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लागोपाठ पाऊस फसला होता. जळकोटपासून आडवाटेला असलेल्या एका गावच्या सोसायटीच्या गोदामाला मी धुरी दिली होती. गावाचं नाव लिहीत नाही. धुरीच्या गोळ्या लहान असतात, करड्या रंगाच्या. हवेतला ओलावा लागला की त्यांतून वायू सुटतो. पोत्यांवर मेणकापड टाकून, दारांच्या फटी लिंपून गोदाम काही दिवस बंद ठेवायचं, मग उघडून वारं खेळवायचं. वायू उरला आहे की नाही हे बघायला आमच्याकडे रसायनात भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या असत. वायू असला की पट्टी काळी पडायची. मी धुरी दिली तेव्हा सोसायटीचे गटसचिव बाबूराव शेजारी उभं राहून सगळं टक लावून बघत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. शिकायची अशी हौस असलेला माणूस विरळा.

गोदाम उघडायच्या दिवशी सकाळी मी सायकलवर तिथे पोचलो. बाबूरावांनी दार उघडण्याआधीच आनंदानं सांगितलं, "सायेब, तुमचा एक हेलपाटा वाचवला म्या. वेशीजवळच्या पेवाला बी धुरी दिली. अगदी तुमच्यावानी. सोलापुरातनं डबा आणला, झाकण काढून गोळ्या टाकल्या, पुन्हा लिंपून घेतलं."

मी विचारलं, "कधी टाकल्या?"

"झालं की चार-पाच दिस. आज उपसाय काढलंय. माणसं पोती घिऊन बसल्याती तिथं. तुमच्याच मामाला बोलावलंय जळकोटाहून."

"मामांना गोळ्यांचं सांगितलंत?"

बाबूराव हसले. "त्यास्नी काय सांगायचं? त्यांचा दिवा हाय की. जळला तर उतरत्यात, न्हाय तर न्हाय."

 मला ठाऊक होतं की दिवा जळणार.

पेवातली जुनी खराब हवा वेगळी. तिथे दाणे हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात. दिव्याला आणि माणसाला तोच प्राणवायू लागतो. म्हणून दिवा विझला तर माणूस मरतो आणि दिवा जळला तर माणूस जगतो. मामांच्या वाडवडिलांची ही परीक्षा अगदी खरी होती. पण गोळ्यांचा वायू अगदी थोडा असला तरी माणसाला मारतो. बाकीची हवा तशीच चांगली राहते. दिव्याला काहीच कळत नाही. त्यात ती ज्वारी दुष्काळातली, कोरडी ठणठणीत. ओलावा कमी म्हणून गोळ्या सावकाश फुटणार. वरची हवा सकाळपासून मोकळी झाली तरी दाण्यांत वायू दडून बसणार, आणि मामा टोपल्यानं उपसायला लागले की त्यांच्या तोंडावर येणार.

मी तशीच सायकल वेशीकडे पिटाळली. धुरीचा मुखवटा गोदामाशेजारच्या खोलीत कुलूपबंद पेटीत होता हे मला निम्म्या वाटेत आठवलं. मागे फिरायचं की पुढे जायचं? मी पुढे गेलो. ते बरोबर होतं का, हे अजून सांगता येत नाही.

पेवाभोवती बरीच माणसं होती. बायका पोती अंथरून बसल्या होत्या. ज्वारीचा चांगला ढीग वर आलेला होता. पारूमामी पेवाच्या तोंडाशी उकिडव्या बसलेल्या, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. मी पोचलो तेव्हा त्या हसत होत्या.

"ऐकलंस का सुदाम? तुजं मामा म्हणत्यात, वर कोण ठेचा कुटतंय. लसणाचा वास सुटलाय म्हणं त्यास्नी. म्या म्हनलं, असल्या दुष्काळात लसूण कुणाच्या घरात हाय?"

गोळ्यांच्या वायूला सडक्या लसणासारखा वास येतो. मी तोंडाशी आडवा पडलो आणि आत बघितलं. खाली कंदील स्वच्छ, पिवळा जळत होता. त्याच्या उजेडात मामांची पाठ दिसली.

"मामा, वर या. आत्ताच्या आत्ता."

"कोण, सुदाम व्हय? थांब, येवढं टोपलं भरू दे."

"टोपलं राहू द्या. आत विषारी वायू आहे. गोळ्या टाकल्यात."

मामांनी वर बघितलं. चेहरा घामानं चमकत होता. "आरं, दिवा कसा चांगला जळतोय की. येडा का खुळा तू? कॉलेजात जाऊन दिव्याला बी भ्यायला लागला?"

माणसं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "सायेब, मधीच कुठं थांबिवता? आमचं अजून मापायचंय."

"मामा, डोकं दुखतंय का?"

मामांनी टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाले, "ते सकाळधरनं दुखतंय. उपाशी हाय म्हणून. छातीवर बी जरा दाटल्यावानी झालंय."

मी दोर धरला. दोर धरलेल्या गड्यांना ओढा म्हणालो. ते मामींकडे बघायला लागले, कारण रिवाजाप्रमाणे मामींनी सांगितल्याशिवाय दोर ओढायचा नाही. मामी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडावर काय दिसलं त्यांना कोण जाणे. त्या खाली वाकल्या आणि त्यांनी विचारलं, "हाय का?"

खालून आवाज आला नाही.

"अवं, हाय का?"

कंदील जळत होता. मामा ज्वारीवर गुडघे टेकून बसलेले दिसत होते, मान पुढे गेलेली. मामी झटकन पाय खाली सोडायला लागल्या. मी त्यांना दोन्ही हातांनी मागे ओढलं. आजही मला स्वप्नात तेवढंच दिसतं. त्या उतरल्या असत्या तर त्यांच्यामागे मी उतरलो असतो, आणि आमच्यामागे आणखी कुणी. पेवात माणसं मरतात ती अशी, एकाला काढायला दुसरा.

"ओढा!" मामी ओरडल्या.

गड्यांनी ओढलं. अरुंद तोंडातून मामांचे खांदे निघेनात. मी बगलेत हात घालून त्यांना वर काढलं. त्यांच्या कपड्यांना, केसांना तोच वास. त्यांना वाऱ्याच्या बाजूला नेऊन निजवलं, सदरा काढून टाकला. ते ओकले. मग डोळे उघडून म्हणाले, "दिवा?"

मी पेवाकडे बघितलं. दिवा आत तसाच जळत होता.

त्यांना उठून चालायचं होतं. मी उठू दिलं नाही. या विषात माणूस बरा वाटला तरी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं, ते पुढच्या एक-दोन दिवसांत कधीही. धावपळ केली तर लवकर. आणि या विषावर उतारा नाही. हे मला पुस्तकातून पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच मी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही. बाकीच्यांना वाटलं, मामा शुद्धीवर आले, संपलं.

बाबूराव तोपर्यंत पोचले होते. पांढरेफटक पडलेले. त्यांनी सोसायटीचा ट्रॅक्टर आणला. मामांना सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की वर काढलेल्या ढिगाकडे बायका सरकायला लागल्या आहेत. त्या दाण्यांत अजून गोळ्यांची पूड होती, न फुटलेल्या गोळ्याही असतील. ती ज्वारी कुणी चुलीजवळ, निजायच्या खोलीत नेऊन ठेवली असती तर? मी ओरडून सांगितलं, एक दाणा कुणी न्यायचा नाही.

एक म्हातारी पुढे आली. "सायेब, घरात नातवंडं उपाशी हायती. विषानं मरत्याल का भुकंनं, ते आमचं आमी बघू."

 मी मामांबरोबर गेलो तर ढीग रिकामा होणार, आणि इथे थांबलो तर मामांना काय होतंय ते दवाखान्यात सांगणारं कुणी नाही. बाबूरावांचं आता कुणी ऐकणार नव्हतं. मी ट्रॅक्टरच्या चाकाजवळ नुसता उभा राहिलो.

मामींनी पदर खोचला. वाऱ्याची बाजू मला विचारून घेतली आणि ढिगापुढे चार हात लांब मांडी घालून बसल्या. "तू जा त्यांच्यासंगं. तुला त्या डाक्तराची भाषा येतीय. म्या हितं बसते. बघते कोण हात लावतंय." मग त्या म्हातारीला म्हणाल्या, "मावशे, माजा मालक चाललाय ट्रॅक्टरात. म्या बसलेय हितं. तू बी बस."

म्हातारी बसली.

ट्रॅक्टरवर मामांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. महामार्गावर आलो तेव्हा त्यांचा श्वास घरघरायला लागला. बाबूराव पुढे बसून सारखे मागे वळून बघत होते. "सायेब, म्या तर तुमचंच बघून केलं हो," असं ते एकदाच म्हणाले. त्यांना दोष देत बसायला मला सुचत नव्हतं. पण तेव्हापासून मी कुणासमोरही धुरी देताना आधी पेवाची गोष्ट सांगतो, मग डबा उघडतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांचं नाव ऐकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "प्राणवायू लावतो. बाकी वाट बघायची." मी खाटेजवळ बसून राहिलो. मामींची जागा आता माझी होती. थोड्या थोड्या वेळानं मी विचारायचो, "मामा, हाय का?" मामा डोळे न उघडता म्हणायचे, "हाय." कधी उत्तराला वेळ लागायचा. त्या मधल्या वेळात मी काय काय कबूल केलं, कुणाकुणाला आठवलं, ते लिहीत नाही. बाबूराव व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेले होते. त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

मामा वाचले. श्वास मोकळा झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा मामींची चौकशी केली आणि मग विचारलं, "दिवा कसा काय जळला रं?" मी प्राणवायूचं सांगायला लागलो. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मरता मरता वाचल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. दिव्यानं फसवलं, हे लागलं होतं.

मामींनी ढिगाजवळून कुणाला दाणा नेऊ दिला नाही. पुढे मी मुखवटा लावून पेव तपासलं. ज्वारी उन्हात पसरून, चाळून, पट्ट्या पांढऱ्या राहीपर्यंत थांबून मगच ती वाटली. गाव माझ्यावर बरेच दिवस रागावलेलं होतं.

पण खरी भीती त्यानंतर सुरू झाली. त्या उन्हाळ्यात गावोगाव पेवं उघडत होती आणि प्रत्येक गाव केरबाला बोलवत होतं. दुकानांत त्या गोळ्या कुणालाही मिळत होत्या. मी संघाच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी असताना बाबूरावांचा निरोप आला, मामांनी पुन्हा एका पेवाची सुपारी घेतली आहे. मला सुटी मिळाली नाही. मी पत्र लिहिलं. मामांनी ते शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं आणि पुढे मामींनी ते कपड्याच्या पेटीत ठेवलं. फार वर्षांनी मामा म्हातारपणी गेले, त्यानंतर मामींनी ते मला परत दिलं. ते असं आहे:

आदरणीय मामांस,

सुदामचा सप्रेम जयभीम. मामींनाही सांगावा. मास्तरांनी हे पत्र मामींसमोर वाचावं, अशी त्यांना विनंती.

तुम्ही पेवात उतरणार असल्याचं कळलं. मला येता येत नाही, म्हणून हात जोडून लिहितो. उतरू नका. दिवा जळला तरी उतरू नका.

दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतं, दिवा कसा जळला. मी पुस्तकातलं सांगत बसलो आणि तुम्ही तोंड फिरवलंत. आता साधं सांगतो. दिव्यानं तुम्हाला फसवलं नाही. त्याला जुनी हवा ओळखता येते. ही नवीन आहे, त्यानं ती कधी पाहिलेली नाही. तुम्ही माणूस असून तुम्हाला लसणाच्या ठेच्यासारखी वाटली, मग त्या दिव्याला काय म्हणायचं?

माझ्याकडे कागदाच्या पट्ट्या आहेत. त्या मुद्दाम पाठवत नाही. पट्टी हातात आली की तुम्ही तिच्या भरवशावर उतराल, आणि ती भिजवायची कशी, उजेडापासून जपायची कशी, हे पत्रात नीट सांगता येणार नाही. मला पुन्हा भ्यायचं नाही. मी आल्यावर आपण दोघं मिळून पेव उघडू.

तुम्ही म्हणाल, मग हातावर हात ठेवून बसू का? नाही. माझ्या कामात सगळं लिंपण्यावर आहे. गोदामाच्या दाराला बोटभर फट राहिली तर माणसं मरतात. माझ्या हाताखालचे गडी चिखल थापतात आणि तो वाळला की तडकतो. तुम्ही लिंपलेलं पेवाचं तोंड मी वर्षानुवर्षं बघितलंय, त्याला कधी केसाएवढी चीर पडली नाही. संघात विचारून ठेवलंय. माझ्याबरोबर चला. तुम्ही दार लिंपाल तेव्हा मी निर्धास्त झोपेन.

मी शिकलो ते तुम्ही खाली उतरत होता म्हणून. माझं शिक्षण झालं. आता उतरायचं कारण राहिलेलं नाही.

उत्तर मोठं नको. मास्तरांकडून एका कार्डावर एकच शब्द लिहून घ्या आणि आजच पेटीत टाका. ते कार्ड हातात पडेपर्यंत माझं इथे कशात लक्ष लागणार नाही.

मामा, हाय का?

तुमचा,
सुदाम